म्यूकरचे गडगे आणि एक गोधडी : पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं, म्हणजे नवरा, नऊ वर्षांची लेक, देवरुखहून आलेली आई आणि मी, शुक्रवारी संध्याकाळी लीड्सहून निघालो आणि उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्स या डोंगराळ भागात स्वेल नदीच्या खोऱ्यात दोन रात्री राहिलो. शनिवारी सकाळी म्यूकर गावाच्या कुरणांतून चालताना आई एका भिंतीपाशी थांबली, दगडावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "अगं, हा तर गडगा."

खरंच गडगाच. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. थोडं पुढे गेल्यावर एके ठिकाणी तो ढासळला होता आणि त्याचं पोट उघडं पडलं होतं. मग कळलं की ही एक भिंत नाहीच. दोन भिंती एकमेकींकडे कलत्या उभ्या आहेत आणि मधल्या फटीत मुठीएवढे दगड ठासून भरलेत. त्या भरावाला इथे हार्टिंग म्हणतात. ठरावीक उंचीवर लांबट दगड आडवे घातलेले असतात, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार. त्यांना म्हणतात थ्रू. डेल्समध्ये ते भिंतीबाहेर थोडे डोकावतात, त्यामुळे लांबून त्यांची ओळच्या ओळ दिसते. थ्रू नसतील तर दोन्ही अंगं फुगतात आणि गडगा बसतो.

आई वाकून आत बघत होती. "वर एक, खाली एक, मधे भर, आणि आरपार टाके. गोधडीच की ही."

ती गोधडी मी शिवली. आता ती आमच्या सोफ्यावर असते. कधीच काही न शिवलेल्या मैत्रिणींनी कृती विचारली, म्हणून इथे सगळी मापं देते आहे. पूर्ण झाल्यावर ती साधारण ५० इंच रुंद आणि ६२ इंच लांब होते. सोफ्यावर दोघींच्या पायांवर आरामात पुरते. आडनिडी शेतं, त्यांच्यामधले करडे गडगे, वर माळ आणि तळाशी नदी, असं हे चित्र आहे. पहिल्या गोधडीसाठी ते मुद्दाम निवडलं. इथल्या शेतांच्या रेषा मुळातच वाकड्या आहेत, त्यामुळे नवख्या हाताची शिवण खपून जाते. काटेकोर चांदण्या आणि षट्कोन नंतर कधीतरी करा.

तिथे असताना काय टिपायचं

म्यूकरची कुरणं बघायची तर जूनचा मध्य ते जुलैची सुरुवात हे दिवस गाठा. मेच्या मध्यावर मेंढ्या कुरणांतून काढतात, मग गवत वाढू देतात आणि जुलैच्या मध्यानंतर कापणी सुरू होते. कुरणांमधून फरसबंद पायवाट जाते, एका माणसापुरती. तिथे एकामागे एकच चालायचं, कारण आजूबाजूचं गवत हे शेतकऱ्याचं पीक आहे. गुरांचा हिवाळा त्यावर निघतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. फुलं बघितली की त्यांचे पाय आत वळतात.

फुलं पायवाटेवरून दिसतात, पण गोधडीचा आराखडा वरूनच दिसतो. म्हणून गावामागच्या किस्डन डोंगराच्या उतारावर थोडं चढा आणि खाली बघा. लेकीला मी तिथे एक काम दिलं : समोरच्या सगळ्या चित्राचे दहा वाटे केलेस तर कुठल्या रंगाला किती येतील? तिने वहीत लिहिलं, हिरवा सहा, तपकिरी दीड, करडा दीड, पिवळा एक. जांभळा आणि लाल तिने लिहिलेच नाहीत. पायवाटेवर तर आम्ही त्यांचंच कौतुक करत होतो! क्रेन्सबिल या रानफुलाचा निळसर जांभळा आणि बर्नेट या दुसऱ्या फुलाचा गडद लाल जवळून डोळ्यांत भरतात, पण वरून बघाल तर ते हिरव्यात विरून जातात. ही नोंद नसती तर मी घरी येऊन जांभळ्या फुलांचं कापड मीटरभर आणलं असतं आणि गोधडीतलं खोरं हरवलं असतं. तुम्हीही हे दहा वाटे जागेवरच लिहा. फोटोवरून नको. फोनचे फोटो हिरवा रंग भडक करून ठेवतात.

दुसरी नोंद गडग्यांची. नदीकाठच्या सपाटीवरची शेतं आडनिडी आहेत, एकाला तीन कोपरे, दुसऱ्याला पाच. ते गडगे जुने, जमीन जशी लागवडीखाली आली तसे उभे राहिलेले. वर डोंगराकडे मात्र गडगे पट्टीने आखल्यासारखे सरळ चढत जातात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात पार्लमेंटच्या कायद्यांनी सामाईक माळ वाटून टाकले. त्या वाटण्या नकाशावर आधी आखल्या गेल्या आणि जमिनीवर नंतर. आपल्या गोधडीतही तसंच करायचं आहे : खाली वाकडे काप, वर सरळ, आणि सगळ्यांत वर उघडा माळ.

रविवारी पाऊस लागला. तुमच्यावर अशी वेळ आली तर बार्नार्ड कॅसलला जा. गाडीने तासाभराच्या आत पोहोचता. तिथल्या १८९२ साली उघडलेल्या बोज म्युझियममध्ये उत्तर इंग्लंडमधल्या गोधड्यांचा मोठा संग्रह आहे. त्यांतल्या कोणत्या मांडल्या आहेत ते निघण्याआधी विचारून घ्या. या भागातली खास चाल म्हणजे दोन रंगांच्या उभ्या पट्ट्या आलटून पालटून जोडायच्या आणि त्यांवर हाताने नक्षीचे टाके घालायचे. आत भर म्हणून जुनी ब्लँकेटंही घालत. उभे लांब पट्टे वापरायचं मी तिथूनच घेतलं.

कापड आणि बाकीचं सामान

दुकानात जाण्याआधी कपाट उघडा. या गोधडीला १३ इंचांचे २० चौकोन लागतात आणि मोठ्या माणसाच्या शर्टाच्या पाठीतून असा एक चौकोन नक्की निघतो, बहुतेक वेळा दोन. क्विल्टिंगच्या दुकानांत कापडाचे जे छोटे तुकडे मिळतात त्यांना फॅट क्वार्टर म्हणतात. त्यांचं माप साधारण ५० बाय ५५ सेंटिमीटर असतं आणि त्यातून असा एकच चौकोन निघून बरंच कापड वाया जातं, म्हणून ते या कामाला महाग पडतात. माझ्या गोधडीत नवऱ्याचे तीन शर्ट आहेत, माझे दोन कुर्ते, आईने आणलेली एक मेंदी रंगाची सुती ओढणी आणि लेकीचा शाळेचा हिरव्या चौकड्यांचा उन्हाळी फ्रॉक.

कापड शक्यतो निव्वळ सुती घ्या. शाळेच्या फ्रॉकात बहुधा पॉलिस्टर असतं. तेही चालतं, पण त्यावर इस्त्री मध्यमच ठेवा, नाहीतर कापड चकाकतं. ताणणारं कापड, टीशर्टचं किंवा लेगिंगचं, पहिल्या गोधडीत घेऊ नका. आणि प्रत्येक तुकडा आधी धुवा. नवं सुती कापड आटतं, जुनं आटत नाही. दोन्ही शेजारी शिवलीत तर पहिल्याच धुण्यात एक बाजू चुण्या धरते.

वीस चौकोनांत चार माळाचे असतील (गडद तपकिरी, मातकट जांभळट), बाकी सोळा शेतांचे. त्यात हिरव्याच्या निदान चार छटा हव्यात, पिवळा एक-दोन चौकोन पुरे. सगळे जमिनीवर मांडा आणि फोनवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत सगळे सारखेच करडे दिसले तर रंग वेगळे असूनही गोधडी सपाट दिसेल. दोन-तीन अगदी फिके आणि दोन-तीन अगदी गडद तुकडे घाला. पहिल्या फोटोत माझं सगळं एकसारखं आलं होतं. मग एक जुना पोपटी-पांढरा कुर्ता घातला आणि खोऱ्यात ऊन पडल्यासारखं झालं.

गडग्यांसाठी करड्या रंगाचं सुती कापड पाऊण मीटर लागेल. एकसारख्या रंगापेक्षा बारीक ठिपक्यांचं किंवा डागाळल्यासारखं घ्या, दगडांवर दगडफुलाचे पांढरे-पिवळे डाग असतातच. नदीसाठी ५० इंच लांब पट्टी निघेल एवढं चहाच्या रंगाचं कापड. निळं नको! स्वेलचं पाणी वरच्या पीटमधून (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या काळपट थरातून) येतं आणि पावसानंतर अगदी कोऱ्या चहासारखं दिसतं.

अस्तराला जुनी सुती साडी. ५६ इंचांचे दोन तुकडे काढा, काठ कापून बाजूला ठेवा (काठातून सुई जात नाही, बोटं दुखतात) आणि दोन्ही तुकडे लांबीच्या बाजूने जोडा. मधली भर म्हणजे इथे दुकानात वॅडिंग मिळतं. ते सुती घ्या, ५४ बाय ६६ इंच पुरतं. जुनी पातळ सुती चादर दुहेरी घातली तरी गोधडी उत्तम होते, थोडी जड होते इतकंच. हत्यारांत रोटरी कटर (चाकासारख्या गोल पात्याचं), खाली घालायची चटई आणि पारदर्शक लांब पट्टी, ही तीन मैत्रिणीकडून उसनी आणली तरी चालतील. मशीन साधं असू दे, सरळ टीप आली की झालं.

शेतं कापायची, गडगे घालायचे

इथून पुढे शिवणीत सगळीकडे पाव इंच दाब, म्हणजे टीप कापडाच्या कडेपासून पाव इंच आत. कामाला हात घालण्याआधी दोन चिंध्या जोडून मोजून बघा.

करड्या कापडाच्या १ इंच रुंद पट्ट्या कापून ठेवा. ही रुंदी मी विचार करून धरली आहे. चौकोन मधून कापून पट्टीला जोडला की दोन्ही तुकड्यांचा पाव-पाव इंच दाबात जातो, म्हणजे अर्धा इंच कमी झाला. एक इंचाच्या पट्टीचेही दोन्हीकडचे दाब गेले की अर्धा इंच उरतो. गेलं तेवढंच आलं! चौकोनात कितीही गडगे घाला, त्याचं माप बदलत नाही. हे लक्षात आल्यावर माझी मापांची भीतीच गेली.

आता बारा शेतांचे चौकोन घ्या आणि चार-चारांचे तीन गठ्ठे करा. गठ्ठ्यात शेजारी-शेजारी फिके-गडद येऊ द्या, सगळ्यांची सुलट बाजू वर. मापाची पारदर्शक पट्टी तिरकी ठेवा, कोपऱ्यातून कोपऱ्यात मात्र नको, आणि चारही थर एकदम कापा. कटर नेहमी स्वतःपासून दूर न्यायचं आणि प्रत्येक कापानंतर पातं बंद करायचं. घरात मूल असेल तर ही सवय पहिल्या मिनिटापासून लावा. कापल्यावर डावीकडच्या गठ्ठ्यातला सर्वांत वरचा तुकडा उचलून त्याच गठ्ठ्याच्या तळाशी ठेवा. आता प्रत्येक जोडीत दोन वेगळी शेतं आली. त्यांच्यामध्ये करडी पट्टी शिवा, दोन्ही टोकांना इंचभर जास्त सोडून.

इस्त्री फिरवू नका, दाबा आणि उचला. फिरवली की तिरकं कापलेलं कापड ताणतं. दोन्हीकडचे दाब करड्या पट्टीच्या खाली वळवा. पट्टी अर्धा इंच उरली आहे आणि दाब पाव-पाव इंच आहेत, त्यामुळे ते पट्टीखाली बरोबर एकमेकांना भिडतात आणि गडगा किंचित उचलल्यासारखा उभा राहतो. पहिला चौकोन असा उलटला तेव्हा मी आईला बोलावून बोटाने चाचपायला लावलं.

आता प्रत्येक चौकोन एकेकटा घेऊन, पहिल्या गडग्याला छेद जाईल असा दुसरा काप द्या आणि दुसरी पट्टी घाला. पहिला गडगा जोडावर थोडा सरकलेला दिसेल. दिसू द्या, खाली नदीकाठी एकही गडगा सरळ गेलेला नाही. उरलेल्या चार शेतांत एकच काप, उभा आणि सरळ. माळाचे चार चौकोन अखंड. शेवटी वीसही चौकोन साडेबारा इंचांवर छाटा.

मांडणी अशी : चार रांगा उभ्या, प्रत्येकीत पाच चौकोन. वर माळ, त्याखाली सरळ गडग्याचं शेत, त्याखाली तीन वाकडी. जमिनीवर मांडून एक रात्र तसंच राहू द्या आणि सकाळी दारातून बघा. आमच्याकडे सकाळी लेकीने दोन चौकोन अदलाबदल केलेले होते आणि ते तिचंच बरोबर होतं. मग रांगा शिवा, रांगांच्या मध्ये साडेसाठ इंचांच्या तीन करड्या पट्ट्या घाला. पट्टी एवढी लांब निघत नाही, दोन तुकडे जोडा. या पट्ट्या नदीपासून माळापर्यंत थेट चढतात. तळाशी अडीच इंच रुंदीची चहाच्या रंगाची नदी जोडली की वरचा पदर तयार.

हवं तर आता गोठे. स्वेलडेलमध्ये, म्हणजे स्वेलच्या खोऱ्यात, शेताशेतात दगडी गोठा आहे : पूर्वी हिवाळ्यात खाली गुरं असत, वर गवत, आणि शेण त्याच शेताला जाई. दोन इंच बाय दीड इंचाचे काळपट तुकडे चारही बाजूंनी पाव इंच आत दुमडून हाताने शिवा. आमच्या गोधडीत सात आहेत. हे लेकीने केलं. नऊ वर्षांच्या हाताला एवढं काम झेपतं.

तीन थर आणि आरपार टाका

आईची गोधडी शिवायची रीत वेगळी आहे. ती खाली साडी पसरते, वर जुन्या कापडांचे थर आणि तुकडे मांडत जाते आणि कडेने सुरुवात करून आत-आत येत सगळं एकदमच शिवते. इथे वरचा पदर आधीच तयार आहे, म्हणून आपण मधून कडेकडे जायचं. उलट गेलात तर मध्यावर फुगा उरतो.

अस्तर उलट बाजू वर करून फरशीवर पसरा, कडा चिकटपट्टीने ताठ पण न ताणता चिकटवा. वर वॅडिंग, वर पदर. मग कच्चा टाका, मधून चारही दिशांना, दोन ओळींत चार बोटांचं अंतर ठेवून. सेफ्टी पिनांनीही होतं, पण हाताने शिवताना दोरा पिनांत अडकतो. कच्च्या टाक्याचा कंटाळा करू नका. पाठीमागची सगळी सफाई त्यावर अवलंबून आहे.

आता धावदोरा. जाडसर सुती दोरा, पर्ल आठ नंबर, आणि त्याला पुरेल एवढ्या नेढ्याची सुई. दोरा हातभरच घ्या. टोकाला गाठ मारा, पदरातून सुई इंचभर लांब खुपसा, अस्तराला न लागता भरावातून हव्या जागी वर काढा आणि दोरा हलकेच ओढा. "टक्" असा बारीक आवाज होतो आणि गाठ आत जाऊन बसते. पहिल्या दोन-तीन वेळा ती सबंध बाहेर येईल. थोडी मोठी गाठ मारून पुन्हा करा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. दुसरा हात गोधडीखाली ठेवा, सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की लगेच वर वळवा. ते टोक लागलं म्हणजे टाका अस्तरापर्यंत पोहोचला. नाही लागलं तर तो वरच्या दोन थरांतच राहिला. गडग्यात अर्ध्यावर थांबलेला लांब दगड जसा काही धरत नाही, तसा हा टाकाही नाही. दर ओळीनंतर गोधडी उलटून बघा. इंचात चार टाके आले तरी पहिल्या गोधडीला भरपूर झाले, फक्त सारखे येऊ द्या.

टाके गडग्यावर घालू नका, तिथे दाबांचे थर आहेत. गडग्याच्या दोन्ही बाजूंनी पाव इंच सोडून समांतर जा, मग शेताच्या आत त्याच आकाराची आणखी एक ओळ. दोन ओळींत चार बोटांहून जास्त मोकळी जागा राहू नये, नाहीतर भर सरकून गोळा होते. माळावर मी आडव्या लाटांसारख्या ओळी घातल्या आणि नदीवर तीन लांब ओळी. काही दिवस आई एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला बसून शिवत होतो. तिचे टाके माझ्याहून बारीक आणि जवळ आहेत. ती परत गेल्यावरही पाठ उलटली की कुठपर्यंत ती बसली होती ते कळतं. संध्याकाळी तासभर या हिशेबाने मला अडीच महिने लागले.

गोट आणि पहिलं धुणं

कडेचं जास्तीचं अस्तर आणि वॅडिंग पट्टीने सरळ छाटा. गोटासाठी अडीच इंच रुंद सहा पट्ट्या जोडून एक लांब पट्टी करा, लांबीत दुमडून इस्त्री करा. पुढच्या बाजूने दुमडीची मोकळी कड गोधडीच्या कडेला लावून मशीनने शिवा. कोपऱ्यापाशी पाव इंच आधी थांबा, पट्टी सरळ वर दुमडा, मग खाली आणा आणि पुन्हा कडेपासून सुरू करा, कोपरा आपोआप टोकदार बसतो. मग गोट मागे वळवून हाताने, बाहेर दिसणार नाही असा टाका घालून शिवा. साडीचे काढून ठेवलेले काठ मऊ असतील तर गोट त्यांचाच करा. माझ्या साडीचा काठ जरीचा होता, म्हणून केला नाही.

मागच्या कोपऱ्यात गावाचं नाव आणि महिना-वर्ष दोऱ्याने लिहा. आमच्या कोपऱ्यात देवनागरीत "म्यूकर" आहे, लेकीच्या अक्षरात.

धुताना थंड पाणी, सौम्य साबण आणि पहिल्या दोन वेळा एकटीच. वाळत घालताना दोरीवर टांगू नका, ओल्या भराच्या वजनाने टाके ताणतात. स्टँडच्या चार-पाच दांड्यांवर आडवी पसरा. सुती वॅडिंग पहिल्या धुण्यात थोडं आटतं आणि सगळीकडे बारीक सुरकुत्या येतात. त्यांवर इस्त्री करू नका. त्या सुरकुत्यांमुळेच शेतं जराशी फुगतात आणि मधले गडगे हाताला लागतात.